तोंड झाकून नेलेलं लेकरू

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमची आई तोंड न पोळताच ताक फुंकून पीत होती. शेजारीण विरजण मागायला आली की आई विरजण द्यायची, हसून बोलायची, आणि ती गेली की उंबऱ्यावर पाण्याचा हात फिरवायची. पाहुणा ‘जेवून आलोय’ म्हणाला तर आपल्या हातचं नको म्हणून असं सांगतोय की काय, यावर आमच्याकडं दोन दिवस चर्चा चालायची. अप्पा, म्हणजे माझे वडील, तूर बडवायला माणसं लावायचे आणि स्वतः खळ्यावर डोळा मिटल्याचं सोंग करून पडायचे. कमलनगरपासून दोन कोसांवरचं आमचं गाव, आमच्या वाट्याला कोण चोर येणार होता कोण जाणे. पण मी त्याच घरात वाढले. तेरा वर्षांची होईपर्यंत मला माणसाच्या तोंडाकडं न बघता आधी हाताकडं बघायची सवय लागली होती. ती अजून गेलेली नाही. दारात पार्सल घेऊन येणाऱ्या पोराच्याही मी आधी हाताकडंच बघते आणि सून मला हसते.

त्या हिवाळ्यात माझी मोठी बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो, पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. मधली खोली तिला दिली होती. खिडकीला पोतं लावलेलं, बाजेखाली शेगडी, शेगडीवर ओवा आणि बाळंतशोपा, आणि त्या धुरात अक्का डोळे पुसत बसलेली. सकाळी तिला डिंकाचा लाडू, मग बाजरीची भाकरी तुपात चुरून, दुपारी शेपूची भाजी, आणि संध्याकाळी हुलग्याचं माडगं. ते माडगं मला फार आवडायचं. मी अक्काची ताटली पुसून चाटायची आणि आई म्हणायची, दूध तुला येणारंय का तिला? पोरगा झाला होता. पण आमच्या घरात ‘पोरगा’ हा शब्द मोठ्यानं कुणी उच्चारला नाही. पहिलं पोरगं, गोरंगोमटं, त्यात सासर बीदरजवळच्या कमठाण्याचं मोठं घर. नजर लागायला अजून काय हवं? कुणी विचारलं तर ‘पोरगीच झाली बाई’ म्हणायचं, असं आईनं आम्हा सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. अंगात झालरीचं झबलं घालायचे, कपाळावर केवढा तरी काळा टिक्का. मी त्याला सगळ्यांसमोर ‘ठमाबाई’ म्हणायची आणि तो माझ्याकडं बघून बोळक्यानं हसायचा.

आईला सगळ्यात जास्त संशय होता तो अक्काच्या सासूचा. त्या बाईनं आमचं तसं काहीच वाईट केलेलं नव्हतं. एकदाच बारशाला येऊन गेली होती आणि जाताना पाळण्यात हात घालून म्हणाली होती, ‘पोराचे पाय गार लागायलेत.’ बस, एवढंच. त्या एका वाक्यावर आमच्या घरात तीन महिने शेगडी विझली नाही. आमच्याकडं थंडी काही साधीसुधी नसते, माळावरचं वारं मार्गशीर्षात अंगात सुई टोचावी तसं टोचतं, हे खरं. पण आईला थंडीची नव्हे, सासूच्या हाताची भीती होती. आपल्या लेकीला उद्या कुणी म्हणू नये, की माहेरच्यांनी लेकरू उघडंवाघडं पाठवलं.

तिसरा महिना सरला. पौष लागायच्या आत लेकरू सासरी पोचवायला हवं होतं. दाजी बीदरपाशी कोळारच्या कारखान्यात होते, त्यांना रजा मिळाली नाही. याचाही आईनं वेगळाच अर्थ काढला. मग ठरलं, की थोरला भाऊ, अण्णा, सोबत जाईल आणि पाठराखीण म्हणून मी. मला महिनाभर तिथंच राहायचं होतं. सासू अक्काला काय बोलते, जेवायला काय वाढते, लेकराला किती वेळ घेते, हे सगळं बघून येऊन सांगायचं होतं. म्हणजे पाठराखीण कसली, आईचा डोळाच म्हणा ना.

बाळंतविडा तयार होता. माहेरानं लेकराला कपडे द्यायचे आणि ते लेकराच्या अंगावर दिसले पाहिजेत, अशी आमच्याकडची रीत. ते आहेरात ठेवून चालत नाही. सासरच्या उंबऱ्यावर लेकरू आलं की बायका येतात, बोटानं कापड चिमटून बघतात आणि कुणी काय दिलं ते विचारतात. एकाचं घातलं आणि एकाचं नाही घातलं तर जिचं राहिलं ती वर्षभर रुसते. खरं तर कपडे पिशवीत न्यायचे आणि कमठाण्याच्या शिवेवर घालायचे, एवढं साधं होतं. अप्पा तसं म्हणालेही. पण आईला जीपमधल्या पिशवीचा भरवसा नव्हता. पिशवी बदलली तर? कुणी उचलली तर? मग त्या सासूला काय दाखवायचं? अंगावरचं कुणी काढून नेत नाही, असं म्हणून तिनं पहाटे चुलीपुढं बसून सगळंच्या सगळं त्याच्या अंगावर चढवलं. आधी जुन्या लुगड्याचं मऊ झबलं. त्यावर फलालीनचं. त्यावर मामीनं विणलेला लोकरीचा स्वेटर. त्यावर आत्याची मखमली कुंची, आणि आत्या रुसू नये तशी काकूही रुसू नये म्हणून तिच्यावर काकूची खणाची कुंची. मग दुपटं. मग आईनं स्वतः शिवलेली छोटी वाकळ. शेवटी नजर नको आणि वारंही नको म्हणून तोंडावर अक्काच्या लग्नातल्या शालूचं फडकं. ठमाबाई आता हातात घेतली की गाठोड्यासारखी लागायची, आत हात कुठं, पाय कुठं काही कळत नव्हतं. आईनं ते गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि माझ्या हनुवटीला धरून सांगितलं, ‘शकू, काय बी झालं तरी तोंडावरचं फडकं काढू द्यायचं न्हाई. कुणालाच न्हाई.’

लेकरू अक्काकडं का नाही, असं कुणी विचारील. अक्काला गाडी लागायची. बैलगाडीतून कमलनगरला पोचेपर्यंत ठीक होतं, पण बीदरच्या जीपमध्ये बसल्याबरोबर तिनं पदर तोंडाला लावला आणि मागच्या फाळक्याशी जाऊन बाहेर मान काढून बसली. अण्णा पुढं ड्रायव्हरपाशी, एक पाय बाहेर. मी मधल्या बाकावर, दोन्हीकडून माणसं दाबलेली, पायाखाली इंजिनाची ऊब. थंडी म्हणून ताडपत्रीचे पडदे सगळ्यांनी खाली ओढून घेतलेले. आत विड्यांचा धूर, कुणाच्या तरी टोपलीतली कोंबडी, आणि माझ्या डोक्याला, कानाला, नाकापर्यंत गुंडाळलेला अण्णाचा मफलर. गाडी हलली तेव्हा लेकरू रडत होतं. मी त्याला थोपटत होते आणि कोण कुठं बसलंय ते बघत होते.

माझ्यासमोर एक बाई बसली होती. चाळिशीची असेल. खांद्यावर काळं घोंगडं, हातात चांदीचं जाड कडं, अंगाला मेंढरांचा वास. धनगरीण, हे बघताच कळलं. ती माझ्याकडं नव्हे, गाठोड्याकडं बघत होती. एकटक. मी गाठोडं छातीशी धरलं. तिनं विचारलं, किती महिन्याचं? मी म्हटलं, दोन. मुलगी का मुलगा? पोरगी, मी म्हटलं. तुझं नाव काय बाई? माझ्या तोंडातून ‘कमळ’ गेलं. खोटं बोलायला मला काही वेळ लागला नाही, घरच्या सवयीनं आपोआप आलं. मग तिनं विचारलं, पोरीला किती कापडं घातलीत. आता हे कशाला हवंय हिला? कपड्यांवर डोळा आहे, नाहीतर लेकरावर. कडेवर पोर नाही, सोबत पोर नाही. पोर नसलेल्या बाईची नजर वाईट, हे मी आईकडून शंभरदा ऐकलं होतं. मी मान फिरवली. ती कानडीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटली आणि मला वाटलं, मंत्रच टाकतीय.

भालकीच्या अलीकडं कुठंतरी लेकरू रडायचं थांबलं. माझा जीव भांड्यात पडला. झोपलं म्हटलं बरं झालं. त्या बाईचा जीव मात्र उलटा वर आला. ती पुढं सरकली आणि म्हणाली, ‘कवापासून रडलं न्हाई ते?’ तिनं हात पुढं केला. मी गाठोडं बाजूला वळवलं. तिनं सरळ दुपट्याच्या आत, मानेकडून हात घातला. मग मी काय केलं? मी हनुवटीनं मफलर खाली सारला, तिचं मनगट धरलं आणि चावले. लाज वाटते सांगायला, पण कचकन चावले, कड्याच्या वर, तोंडात रक्ताची चव येईपर्यंत. तिनं हात मागं घेतला नाही. दुसऱ्या हातानं तिनं जीपच्या टपावर धाडधाड थापा मारल्या आणि ओरडली, ‘गाडी निल्लिसु! कूस मरायलाय!’ एवढं कानडी आमच्याकडं कुणालाही येतं. लेकरू मरायलंय, गाडी थांबव.

गाडी थांबली. बाईनं गाठोडं माझ्या हातातून हिसकलंच म्हणायचं. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसून तिनं आधी ते शालूचं फडकं उडवलं. लेकराचं तोंड लालबुंद, केस भिजून कपाळाला चिकटलेले, डोळे अर्धे उघडे, आणि मान एका बाजूला पडलेली. अक्का किंचाळली आणि मटकन खालीच बसली. अण्णा ‘काय झालं, काय झालं’ एवढंच म्हणत उभा. बाईच्या मनगटातून रक्त येत होतं आणि तिच्या बोटांना गाठी सुटत होत्या. वाकळ गेली, दुपटं गेलं, काकूची कुंची, आत्याची कुंची, स्वेटर, फलालीन. खालचं लुगड्याचं झबलं ओलंचिंब झालं होतं, धुऊन पिळायचं राहिल्यासारखं. तेही तिनं काढलं आणि लंगोट तेवढा ठेवून त्याला आपल्या पदरानं कोरडं पुसलं. एवढ्या थंडीत उघडं लेकरू बघून जीपमधली एक म्हातारी हाय हाय करायला लागली, तर बाईनं तिला नुसत्या डोळ्यांनी गप्प केलं. मग तिनं लेकरू अक्काच्या मांडीवर दिलं, पाजायला लाव म्हणाली. पहिल्यांदा त्यानं तोंडच उघडलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. बाई त्याचा गाल बोटानं चोळत राहिली. तिसऱ्यांदा त्यानं ओढलं, थांबलं, परत ओढलं, आणि मग जे रडलं ते सगळ्या माळावर ऐकू गेलं असेल. अण्णा जीपला टेकून लहान पोरासारखा रडला. मी रडले नाही. मी अजून त्या बाईच्या हाताकडंच बघत होते.

तिनं त्याला एकच कोरडं झबलं घातलं, टोपरं घातलं, अक्काच्या पदराखाली उरापाशी ठेवलं आणि वरून आपलं घोंगडं दोघांभोवती सैल लपेटलं, तोंड उघडं ठेवून. ‘कोकरू बी आमी तोंड झाकून नेत न्हाई,’ ती अक्काला म्हणाली. ‘हातपाय गार आसले तर आसू दे. मानंमागं हात लावून बघत जा. तिथं घाम लागला की एक कापूड काढ, गार लागली की एक चढव. आन् तोंड कवाच झाकू नगं.’ मग कुणी विचारलं नसताना, म्हणाली, ‘माझी लेक गेली आशीच. झाकून झाकून.’

अक्कानं तिचे पाय धरले. कुठं जायलास, असं बाईनं विचारलं तेव्हा अक्कानं कमठाणा म्हणून खरं सांगितलं आणि मला अक्काचा राग आला. भालकी ओलांडल्यावर एका फाट्यावर बाई उतरली. घोंगडं परत घेतलं, पण आधी अक्काला शाल नीट पांघरूनच. उतरताना तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘कमळ, तू चांगली राखण केलीस. पण चुकीची केलीस.’

कमठाण्याच्या शिवेवर अण्णानं आम्हाला थांबवलं आणि सगळे कपडे परत लेकराच्या अंगावर चढवायला लावले. हो, परत. अक्का नको म्हणत होती, पण तिलाही सासू डोळ्यांसमोर दिसत होती. तोंड तेवढं उघडं ठेवलं. उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळला, बायकांनी कुंच्या चिमटून बघितल्या, सासूनं लेकराच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, ‘ऊब हाय चांगली.’ माझ्या आईनं हे ऐकायला हवं होतं.

त्याच संध्याकाळी लेकराला ताप भरला. दूध पिईना, पिवळं ढाळायला लागलं. सासूनं अक्काकडं बघितलं, मग अण्णाकडं, आणि विचारलं, वाटंत काय झालं? अक्काचे ओठ हलले. ती खरं सांगणार होती. आणि खरं सांगितलं असतं, तर ‘माझ्या आईनं कोंडलं’ असंच ते निघालं असतं, आणि अक्काला जन्मभर बोलणी खावी लागली असती. मी मधेच म्हटलं, ‘जीपमधी एक धनगरीण व्हती. तिनं लेकराला रस्त्यावर उघडं केलं.’ अण्णानं माझ्याकडं बघितलं. मी बोलले त्यात एक शब्दही खोटा नव्हता. सासूनं मीठ, मोहरी, सात मिरच्या उतरून चुलीत टाकल्या आणि ठसका उठला नाही, म्हणजे नजर जबरच होती हे सिद्ध झालं. तीन दिवसांनी ताप उतरला आणि चौथ्या दिवशी ठमाबाई माझ्याकडं बघून हसली. घरात सगळ्यांना बरं वाटलं. सासूला माहेरचा संशय घ्यायची गरज उरली नाही, माहेराला सासरचा. सगळ्यांना मिळून संशय घ्यायला एक बाई सापडली होती.

आमचा तो ठमाबाई आता नातवंडाचा आजा झालाय. जावळाला, बारशाला चार माणसं जमली की तो ती गोष्ट सांगतोच, तान्हा असताना एका बाईनं त्याच्यावर कशी नजर टाकली आणि तो कसा वाचला. लोक च्‌च्‌ करतात. मागच्या हिवाळ्यात त्याच्या नातीला दवाखान्यात न्यायचं होतं, तर त्याच्या सुनेनं तिला अंगभर चेनचं जाड जाकीट घातलं, वर ब्लँकेट, वर टोपडं, आणि गाडीच्या काचा बंद. मी गाडीत बसल्या बसल्या तिच्या मानेमागं हात घातला आणि चेन खाली ओढली. सून म्हणाली, ‘मावशी, तुम्हाला हे कुणी शिकवलं?’ मी म्हटलं, असंच, आमच्याकडं बायकांना ठाऊक असतं. म्हणजे या वयातही मी खरं बोलले नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते.

मी कमठाण्यात पाठराखीण होते, तेव्हा पंधरा-वीस दिवसांनी बाजारच्या दिवशी सासू मला कासाराकडं घेऊन गेली. माझ्यावर तिची मर्जी बसली होती, त्या धनगरणीपासून नातवाला वाचवणारी पोरगी म्हणून. कासारानं माझा हात दाबून हिरव्या बांगड्या चढवायला घेतल्या होत्या आणि मी दुखतंय म्हणून डोळे मिटले होते. तेवढ्यात शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं आणि मेंढरांचा वास आला. मी डोळे उघडले. आधी हातच दिसला. मनगटाला हळद लावून चिंधी बांधलेली, खाली चांदीचं कडं.

ती कासाराला विचारत होती. या गावात कमळ नावाची पोरगी आलीय का? तिच्या बहिणीचं तान्हं लेकरू आहे, माहेराहून आलंय. दोन महिन्यांची पोरगी. वाटंत लई बेजार झाली होती. जगली का, एवढंच बघायचंय.

कासार म्हणाला, कमळ कुणी न्हाई बाई. आमच्या गावात माहेराहून आलेलं एकच लेकरू हाय, तेबी पोरगं हाय. तीन महिन्याचं. छान हाय.

तिनं मान हलवली. ‘पोरगं न्हवं,’ ती म्हणाली, ‘पोरगी व्हती.’

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. चावण्यापुरतं सोडलं तर जीपमध्ये माझं तोंड मफलरात होतं, तिनं मला ओळखलं नाही. माझ्या दुसऱ्या बाजूला चार हातांवर सासू कुंकवाच्या पाटीपाशी घासाघीस करत होती, तिला हे ऐकू गेलं नव्हतं. मी ‘मीच कमळ’ म्हटलं असतं तर सासूनं वळून विचारलं असतं, ही कोण? आणि मग सगळंच बाहेर आलं असतं, ते गाठोडं, ते फडकं, माझी आई. मला अक्काची काळजी होती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. पण तेवढंच नव्हतं. मी पकडली जाईन, ही भीती होती. मी हात कासाराच्या हातात तसाच ठेवला आणि खाली बघितलं.

बाईनं घोंगडं खांद्यावर सारखं केलं.

‘मग गेली आसंल,’ ती म्हणाली, आणि बाजारातून निघून गेली.

कासारानं सहावी बांगडी चढवली. सासूनं परत येऊन विचारलं, दुखायलंय का गं, कामून रडायलीस? मी म्हटलं, व्हय, दुखायलंय.